वाट आणि वही

प्रवासवर्णनांचा सध्यां सुकाळ झाला आहे. पूर्वीं काशीयात्रा करून आलेला गृहस्थ मावंदें घालून मोकळा होई. आतां चार डोंगर चढून आलेला तरुण पुस्तक लिहितो. यांत वाईट असें कांहीं नाहीं. मावंद्याचें जेवण एका दुपारीं संपतें आणि पुस्तक घरांत राहतें. तें पुष्कळदां न वाचतांच राहतें, ही गोष्ट वेगळी. पण पायीं हिंडणाऱ्यानें लिहावें काय, आणि लिहावयाचें तर नेमकें कशाविषयीं लिहावें, या प्रश्नावर आमच्या घरांत गेल्या दिवाळीपासून जो वाद चालला आहे, तो घरापुरताच ठेवण्यासारखा नाहीं असें वाटल्यावरून त्याची हकीकत येथें देत आहों.

वादाचें मूळ असें. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे. वय सव्वीस. रोज दहा तास खुर्चीवर बसावयाचें आणि वर्षांतून दोनदां पाठीवर ओझें घेऊन शेंदोनशें किलोमीटर पायीं चालावयाचें, असा त्याचा नेम आहे. सह्याद्रींतील किल्ले त्याचे केव्हांच पाहून झाले. अमेरिकेंत ॲपलाचियन पर्वताच्या रांगेंतून सुमारें साडेतीन हजार किलोमीटर लांबीची एक पाऊलवाट आहे, ती १९३७ सालीं सलग झाली, आणि १९४८ सालीं अर्ल शेफर नांवाचा, महायुद्धावरून परतलेला एक तरुण ती एकाच हंगामांत चालून गेला, ही माहिती आम्हांस त्याच्याकडूनच मिळाली. तसें कांहीं आपल्या जिल्ह्यांत करून पाहावें, म्हणून तो गेल्या दिवाळींत गोंदियास आगगाडींतून उतरला आणि घरीं न येतां तसाच आमगांवच्या वाटेस लागला. आमगांव, सालेकसा, दरेकसा, तेथून देवरी, पुढें नवेगांवबांध, अर्जुनी, गोठणगांव आणि शेवटीं प्रतापगड, असा नऊ दिवसांचा त्याचा मार्ग. देवरीस आमचें घर असल्यामुळें मध्यें एक रात्र तो आमच्याकडे निजला, पण तेंही ओसरीवर, स्वतःच्या पिशवींत शिरून. घरांत गाद्यांचा ढीग असतां मुलानें असें निजावें याचें आमच्या कुटुंबास फार वाईट वाटलें.

परत आल्यावर त्यानें बेचाळीस पानें लिहिलीं आणि आमच्या हातीं ठेविलीं. "आजोबा, फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहून द्या," असें तो म्हणाला. बत्तीस वर्षें मुलांना संस्कृत आणि मराठी शिकविलेल्या माणसास फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहावयास सांगणें म्हणजे हलवायास पेढे नुसते मोजून द्या म्हणण्यासारखें आहे. आम्हीं तांबडी शाई काढली.

पहिलीं अकरा पानें पाठीवरच्या पिशवीविषयीं होतीं. तिचें वजन, तिचे पट्टे, तंबू, बूट, पाणी गाळण्याची नळी, आणि यांपैकीं प्रत्येक वस्तूस हलकी पर्यायी वस्तू कोणती मिळते त्याचा ऊहापोह. पुढें रोजचें अंतर आणि पायास आलेले फोड. त्यानंतर 'स्वतःचा शोध' हा विषय सुरू होतो तो शेवटच्या पानापर्यंत हटत नाहीं. दरेकशाच्या डोंगरांत त्याला स्वतःचा शोध लागला, आणि नवेगांवच्या तलावाकांठीं तो पुन्हां लागला. मध्यें केव्हां हरवला होता तें कळत नाहीं. भाषा शुद्ध होती. मुलगा मनाचा निर्मळ आहे आणि कष्टांस भिणारा नाहीं, हेंही पानोपानीं दिसत होतें. परंतु बेचाळीस पानांत ज्यानें त्याला पाण्याचा तांब्या दिला अशा एकाही माणसाची ओळख पटेल असें वाक्य नव्हतें.

आम्हीं समासांत प्रश्न लिहीत गेलों. 'आमगांवच्या अलीकडे एका घरीं चहा मिळाला,' यावर आम्हीं विचारलें, घर कोणाचें, आणि त्या वेळीं तीं माणसें काय करीत होतीं? कार्तिकांत आमच्याकडे धानाची कापणी चाललेली असते. बांधींत कडपा पडलेल्या, खळ्यापाशीं पुंजणीं रचलेलीं, घरांतील लहानथोर सर्व माणसें शेतावर. अशा वेळीं कोणी तरी हातांतला विळा खालीं ठेवून चूल पेटविली तेव्हां हा चहा झाला. 'धानाच्या शेतांत दोन मोठे पक्षी उभे होते,' येथें विचारलें, मान उंच आणि डोकें तांबडें होतें काय? तसें असेल तर ते सारस. महाराष्ट्रांत हा पक्षी आतां मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यांतच उरला आहे, आणि पाहणाऱ्यास त्याचें नांव ठाऊक नसावें हें बरें नव्हे. 'कचारगडच्या गुहेंत अद्भुत शांतता होती,' येथें लिहिलें, ती शांतता कार्तिकाची. माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथें महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक प्रांतांतून गोंड लोक यात्रेस येतात. या गुहेंत कोंडलेल्या मुलांना लिंगो आणि जंगो यांनीं सोडविलें अशी त्यांची कथा आहे. ज्या गुहेपुढें हजारों माणसें नमस्कार करितात ती रिकामी असतांना पाहून आलों, एवढें तरी लिहावयास हवें होतें.

दुसऱ्या दिवसाच्या पानावर एक ओळ होती: 'पदमपूर नांवाच्या लहानशा गांवावरून गेलों.' बस्स, एवढेंच. येथें आमची लेखणी अर्धा तास पुढें सरेना. भवभूति आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेंत आपलें मूळ गांव दक्षिणापथांतील पद्मपूर म्हणून सांगतो. तें पद्मपूर म्हणजे आमगांवजवळचें हें पदमपूरच होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें आहे. त्याच्या उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत राम, सीता आणि लक्ष्मण चित्रें पाहत असतात. चित्रें कशाचीं? तर बव्हंशीं त्यांच्याच वनवासाचीं. जी वाट पायांखालीं तुडविली ती आतां राजवाड्यांत उभे राहून तीं भिंतीवर पाहतात. ही नदी, हें वडाचें झाड, येथें सीता चालून थकली आणि निजली. वाटेचें दुःख सरल्यावर वाटेविषयीं बोलण्यांत जें सुख असतें, तें या अंकांत जसें उतरलें आहे तसें अन्यत्र आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि कवीचें धैर्य असें कीं, चित्रें पाहून सीतेस तें रान पुन्हां पाहावेंसें वाटतें, आणि नेमके तेच डोहाळे तिला रानांत नेऊन सोडण्याचें निमित्त होतात. प्रवास नुसता आठवण्यांतसुद्धां केवढी जोखीम असते हें ज्यानें लिहून ठेविलें, त्याच्या गांवावरून आमचा नातू बाटलींत पाणी भरून पुढें निघून गेला.

नवेगांवबांधच्या पानांवर तर आम्ही अधिकच रेंगाळलों. हा तलाव कोहळी लोकांनीं बांधला अशी परंपरा आहे. पूर्व विदर्भांतील कितीतरी जुने तलाव या कष्टाळू लोकांच्या हातचे आहेत. याच तलावाच्या परिसरांत मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. ते मूळचे सोलापूरचे, जन्म १९३२ चा. २०२५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत ते गेले. येथील रानांत पायीं हिंडून जें पाहिलें आणि नवेगांवचे माधवराव पाटील यांच्यासारख्या जाणत्या माणसांकडून जें ऐकलें, तें ते टिपून ठेवीत गेले, आणि त्या टिपणांतून त्यांचीं पुस्तकें झालीं. आम्हांस त्यांच्याविषयीं विशेष आदर वाटण्याचें एक कारण घरगुती आहे. नोकरींत असतां त्यांनीं चिकाटीनें संस्कृताचा अभ्यास केला आणि पुढें हंसदेवाचें मृगपक्षिशास्त्र मराठींत आणलें. त्यांचीं वर्णनें वाचतांना लेखक सहसा दृष्टीआड असतो. झाड दिसतें, पक्षी दिसतो, आणि त्या पक्ष्याचें खेड्यांतील नांव ज्यानें सांगितलें तो माणूस दिसतो. आतां २०१३ पासून नवेगांव आणि नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला असून आंत पायीं हिंडण्यास मनाई आहे. वाघाच्या दृष्टीनें ती योग्यच होय. नातू शहाण्यासारखा बाहेरच्या सडकेनें गेला, याबद्दल समासांत आम्हीं त्याला शाबासकीही दिली.

वही परत मिळाल्यावर तो दोन दिवस बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर म्हणाला, "आजोबा, हा परीक्षेचा पेपर नव्हता. माणूस चालतो तो मन मोकळें करण्यासाठीं. वाटेंत कोण काय करीत होतें याची खानेसुमारी करावयाची तर मग नोकरी काय वाईट?" आणि आपल्या बाजूस प्रत्यक्ष वेद आहे असें दाखविण्यासाठीं त्यानें पिशवी उलटी करून पुढें ठेविली. तिच्यावर ऐतरेय ब्राह्मणांतील, चालत राहण्याचा उपदेश करणारे शब्द भरतकामानें काढलेले आहेत. अशा पिशव्या पुण्यास विकत मिळतात म्हणे.

येथें थोडें विषयांतर करणें भाग आहे, कारण हा उपदेश हल्लीं ज्याच्यात्याच्या तोंडीं असतो आणि त्यामागील कथा कोणासच नको असते. तो शुनःशेपाच्या आख्यानांत आला आहे. हरिश्चंद्रानें आपला पुत्र रोहित वरुणास बळी देण्याचें कबूल केलें होतें. रोहित मोठा झाल्यावर धनुष्य घेऊन रानांत निघून गेला. तो घरीं परतूं लागला कीं इंद्र ब्राह्मणाच्या रूपानें वाटेंत भेटे आणि, हिंडत राहा, हिंडण्यांतच श्रेय आहे, असें त्याला सांगे. असा तो सहा वर्षें हिंडला. शेवटीं रानांत त्याला अजीगर्त नांवाचा एक उपाशी ब्राह्मण भेटला. त्याचा मधला मुलगा शुनःशेप रोहितानें शंभर गाई देऊन विकत घेतला आणि आपल्या जागीं बळी जाण्यासाठीं घरीं नेला. शुनःशेप पुढें देवांच्या कृपेनें वांचला, ही गोष्ट निराळी. पण राजपुत्राच्या भ्रमणाची किंमत कोणाच्या घरून वसूल होणार होती, तें भरतकाम करणाऱ्यानें काढलेलें नाहीं. नातवानें ही कथा ऐकली नव्हती. ऐकल्यावर त्यानें पिशवी उचलून कोपऱ्यांत ठेविली, पण वाद सोडला नाहीं.

आम्हीं आमच्या बाजूचे साक्षीदार पुढें केले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जो लीळाचरित्र, तो मुळीं एका अखंड चालणाऱ्या पुरुषाच्या वाटचालीचा ग्रंथ आहे. चक्रधरस्वामी गांवोगांव पायीं हिंडले. त्यांच्यामागें, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनीं ज्यानें ज्यानें त्यांना पाहिलें होतें त्याला त्याला गांठून आठवणी गोळा केल्या. स्वामी कोठें बसले, कोणाकडे जेवले, कोण काय बोललें. आमच्या जुन्या भंडारा जिल्ह्याचें नांवही त्यांत आहे, कारण स्वामींच्या मागें गेलेले नीळभट्ट हे भांडारेकर. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं वेगळा झाला तोंवर आम्हीही भंडाऱ्याचेच. याच संप्रदायांत पुढें स्थानपोथी झाली, आणि तिच्यांत तर कोणतें स्थान गांवाच्या कोणत्या दिशेस आहे येथपर्यंत नोंद आहे. सातशें वर्षें झालीं, पण तीं पानें हातीं धरून आजही माणूस वाट काढूं शकतो.

दुसरे साक्षीदार वरसईचे विष्णुभट गोडसे. डोक्यावर कर्ज, म्हणून दक्षिणेच्या आशेनें १८५७ सालीं ते आपल्या चुलत्याबरोबर उत्तरेस निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमींत सांपडले. झांशीस वेढा पडला तेव्हां ते शहरांत होते. मिळविलेला पैसा वाटेंत लुटला गेला तो एकदांच नव्हे. शेवटीं गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते घरीं आले. हें सारें त्यांनीं पुष्कळ वर्षांनीं, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढलें. वैद्यांनीं तें १९०७ सालीं 'माझा प्रवास' म्हणून छापिलें, पण मूळ लेखनांत बराच फेरफार करून. मूळ स्वरूपांतील ग्रंथ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखालीं वाचकांपुढें येण्यास आणखी साठएक वर्षें लागलीं. भटजींनीं स्वतःचा शोध वगैरे कांहीं घेतला नाहीं. भाव काय होता, कोणत्या विहिरीचें पाणी आटलें, लुटारूंनीं काय नेलें आणि काय टाकलें, हें लिहिलें; आणि स्वतः किती भ्यालों तेंही लपविलें नाहीं.

इरावतीबाई कर्व्यांचें नांवही आम्हीं घेतलें. त्या पंढरीच्या वाटेनें वारकऱ्यांबरोबर चालल्या आणि त्यांनीं 'वाटचाल' हा लेख लिहिला. १९४९ च्या 'परिपूर्ती'त तो आहे. वारीचा आनंद त्यांत आहेच. परंतु त्याच दिंडींत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हें पाहून मनास झालेल्या यातनाही त्यांनीं तितक्याच स्पष्टपणें लिहिल्या. आमच्यासारख्यांच्या घरांत तो लेख वाचला जातो तेव्हां पंगतीच्या त्या परिच्छेदापाशीं आवाज जरा उतरतो, असा आमचा अनुभव आहे.

नातवानें हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि उत्तर दिलें तें आम्हांस अद्याप पुरतें खोडतां आलेलें नाहीं. तो म्हणाला, "गोडसे भटजींच्या वाटेवर कांहीं घडत होतें, आजोबा. माझ्या वाटेवर लोकांनीं चहा दिला आणि मी पुढें गेलों. आणि तुम्ही म्हणतां, नांवें लिही, घरें लिही. मला काय अधिकार? गोठणगांवचेंच घ्या." गोठणगांवास १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९५९ नंतर हिमालयाच्या खिंडी ओलांडून या देशांत आलेल्या लोकांचीं हीं कुटुंबें. तेथील पानावर त्यानें 'गरमागरम थुक्पा प्यालों' एवढेंच लिहिलें होतें, आणि आम्हीं समासांत जरा कडक शब्दांत विचारलें होतें कीं, ज्यांच्या घरचीं माणसें बर्फांतून चालत आलीं त्यांच्या शेजारीं बसून पायाच्या फोडांचें वर्णन कसें सुचतें? "मी त्या आजींना विचारलें होतें," तो म्हणाला. "त्या हंसल्या आणि त्यांनीं आणखी एक वाटी भरून दिली. ज्यांना सांगावयाचें नाहीं त्यांचें मी काय लिहूं? चालावें लागलें म्हणून जे चालले ते लिहीत नाहींत. हौसेनें जे चालतात ते लिहितात. म्हणून माझ्या वहींत मी आहें, दुसरें कोणी नाहीं. निदान तें खोटें तरी नाहीं."

आमची सूनबाई इतका वेळ शेजारीं दळणाचे गहूं निवडीत बसली होती. ती कांहीं न बोलतां उठली, आंत गेली, आणि कपाटांतून वाण्याच्या हिशेबाची एक लांबट लाल वही घेऊन आली. ही वही घरांत आहे हें आम्हांस ठाऊक होतें. पण ती साहित्य म्हणून कोणी काढील असें स्वप्नांतही आलें नव्हतें.

देवरी हें गांव नागपूर-रायपूर महामार्गावर आहे. पुढें शिरपूर, मग बाघनदी, आणि नदीपलीकडे छत्तीसगड. २५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी लागली; आगगाड्या, मोटारी बंद झाल्या, आणि थोड्याच दिवसांत आमच्या घरापुढून माणसें चालत जाऊं लागलीं. मुंबई, पुणें, नागपूर येथील कारखान्यांतून आणि बांधकामांवरून निघालेलीं हीं माणसें छत्तीसगड, ओडिशा, झारखंडाकडे आपआपल्या गांवीं चाललीं होतीं. मे महिन्यांत श्रमिकांसाठीं गाड्या सुटूं लागल्या तरी सर्वांस त्या मिळाल्या नाहींत. विदर्भांतला मे महिना कसा असतो तें वाचकांस सांगावयास नको. डांबर पायास चिकटे. ८ मे रोजीं औरंगाबादेजवळ करमाडपाशीं रुळांवर निजलेले सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडून गेले, त्या दिवशीं आमच्या घरांत कोणास घास गिळवेना. तरी चूल पेटलेली होतीच, कारण बाहेर ओसरीवर माणसें होतीं.

त्यांच्याही पाठीवर पिशव्या होत्या. नातवाच्या अकरा पानांतील एकही शब्द त्या पिशव्यांस लागू पडण्यासारखा नव्हता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यास दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांत तवा, चादर, एखादें पोर निजलें असेल तर त्याची बाहेर आलेली पावलें.

वहीचा जन्म मात्र साहित्यापोटीं झाला नाहीं. येणाऱ्या प्रत्येकास अन्नापेक्षांही आधीं फोनला वीज हवी असे. एका वेळीं आठदहा फोन ओसरीवर लागत, एकसारखे दिसत, अदलाबदल होई. म्हणून सूनबाईनें कोणाचा कोणता हें लिहून ठेवावयास आरंभ केला. मग फोनचे आंकडे लिहिले. मग, घरीं पोहोंचलांत म्हणजे एकदां कळवा, असें सांगूं लागली. आणि ज्याचा निरोप येई त्याच्या ओळीपुढें ती 'पोहोंचले' असें लिही. हिशेबाच्या वहीला रकाने असतातच. निघाल्याचें ठिकाण, माणसें किती, जावयाचें ठिकाण, काय दिलें.

तिच्या परवानगीनें दोनतीन ओळी देतों. नांवें गाळलीं आहेत. 'भिवंडी. ५. कवर्धा. दोघांचे पाय फुटलेले. बाबांच्या जुन्या चपला दिल्या, एकीचा अंगठा तुटका होता तो शिवून.' 'पुणें. ९, एक बाई, आठवा महिना. सराईपाली. भात, लाखोळीचें वरण. दुपारभर आंत निजविली. रात्रीं मालमोटार मिळाली.' 'हिंगणा. ३. रांचीकडे. जेवण नको म्हणाले, पुढें खाऊं. मीठ मागितलें.'

नातवानें ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. रात्रीचा एक वाजला होता. मग म्हणाला, "काकू, हें छापावयास पाहिजे. माझें राहूं द्या, हेंच छापूं."

"नाहीं छापावयाचें," सूनबाई म्हणाली. "त्यांनीं मला नांवें सांगितलीं तीं फोन हरवूं नये म्हणून. तुझ्या पुस्तकासाठीं नाहीं सांगितलीं."

आम्ही यांत मध्यस्थ झालों. नांवें आणि फोनचे आंकडे गाळावे आणि बाकीचें जसेंच्या तसें छापावें, असें आमचें मत आम्हीं सांगितलें. तें दोघांसही पटलें नाहीं. नातू म्हणतो कीं, नांवें गेलीं तर ती पुन्हां खानेसुमारीच झाली, आणि समासांत तांबड्या शाईनें नांवें मागणारे तुम्हीच ना? यावर आम्ही क्षणभर निरुत्तर झालों, हें खरें. परंतु चहा देणाऱ्या घरधन्याचें नांव सांगणें आणि संकटांत सांपडलेल्या वाटसरूचें नांव सांगणें यांत भेद आहे, असें आम्ही अजूनही म्हणतों. पहिल्याचा त्यानें मान होतो. दुसऱ्याचा होतोच असें नाहीं. सूनबाईचें म्हणणें याहून सरळ आहे. ती म्हणते, छापणें न छापणें मग पाहूं. ज्यांच्या ओळीपुढें कांहीं लिहिलेलें नाहीं, त्यांचें काय झालें तें आधीं विचारा.

अशा ओळी बावीस होत्या. संक्रांतीच्या सुटींत नातू पुन्हां आला, तेव्हां वही आणि फोन घेऊन तो तीन दिवस माडीवर बसला. बरेच आंकडे आतां बंद आहेत. कांहीं दुसऱ्याच माणसांकडे गेले आहेत. त्यांपैकीं एकदोघांनीं त्याला चोर समजून शिव्या दिल्या. एका घरीं बाईनें उचलला. तिचा नवरा त्या उन्हाळ्यांत घरीं पोहोंचला होता आणि आतां पुन्हां भिवंडीसच कामावर आहे, असें तिनें सांगितलें आणि देवरी कोठें आहे असें विचारलें. मीठ मागणाऱ्या तिघांपैकीं एकानेंही उचलला. त्याला घर आठवत होतें. पुढें कोठें तरी त्यांना तांदूळ मिळाले, पण मीठ कोठें मागावें लागलें नाहीं, असें तो म्हणाला. हें नातवानें त्याच्याच शब्दांत, हिंदींत, त्या ओळीपुढें लिहून ठेविलें आहे. 'पोहोंचले' हा शब्द मात्र त्यानें लिहिला नाहीं. तो काकूनेंच लिहावयाचा असें त्यांचें ठरलें आहे.

त्याचीं स्वतःचीं बेचाळीस पानें आमच्याकडेच आहेत. पिशवीचीं अकरा पानें त्यानें स्वतःच फाडून नेलीं. बाकीचीं घेऊन चैत्रांत तो आमगांवच्या रस्त्यानें पुन्हां जाणार आहे. त्या चहाच्या घरीं जाऊन, तुमचें नांव लिहूं काय, असें विचारणार आहे. तोंवर वहींत सतरा ओळी कोऱ्या आहेत.